शेवटच्या दहा दिवसांचा नियम

शेफिल्ड, २ जून

काका,

ते ‘पावाचे हात’ आता पुरे करा. तीन पत्रांत तीनदा झालं. मी कीथला जपून मारतो ते हातात जोर नाही म्हणून नाही, मला पैसेच त्याचे मिळतात म्हणून. सरावाचा जोडीदार म्हणजे काय हे तुम्हाला किती वेळा सांगू? आपल्या बुकोममध्ये तुमच्या अंगणात दोन पोरांनी ग्लोव्ह्ज चढवले की एकाला घरी उचलून न्यावं लागतं, आणि वर त्याचीच आई म्हणते, बरं झालं, समोरच्यानं मान ठेवला. इथे तसं नाही. लढायचं कीथला आहे. मी भिंत आहे. भिंतीनं मारायचं नसतं.

तुम्ही म्हणता हात राखून मारणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर थुंकणं. असेल. पण इथे थुंकल्याचे आठवड्याला नव्वद पौंड देतात.

कीथची लढत सत्तावीस जुलैला लंडनला आहे, अमेरिकनाशी, हेवीवेटच्या पट्ट्यासाठी. तो जिंकला तर त्याच्या पुढच्या लढतीच्या रात्री मला रिंगमध्ये उतरवीन असा मॅनेजर हॉब्सननं शब्द दिलाय. पोस्टरवर नाव येईल, लांक्वे, अक्रा. बारीक अक्षरात, पण येईल. म्हणून मला कीथ जिंकायला हवाय, आणि म्हणून तो धडधाकट राहायला हवाय. एवढं तरी कळतंय ना?

ताई, तू काका बोलतात तसं सगळं उतरवून काढतेस, ते ठीक. पण शिव्या थोड्या गाळल्यास तर तिकीट कमी लागेल.

लांक्वे

अक्रा, १४ जून

लांक्वे,

पत्र पोचलं. भिंत म्हणे. भिंतीचं नाव कधी पोस्टरवर छापतात का रे? पोस्टर भिंतीवर चिकटवतात.

तू सहा वर्षांचा असताना मी तुला उचलून अंगणात आणलं, ते तू गोऱ्याचा तक्क्या व्हावास म्हणून नाही. माणसासमोर उभा राहिलास तर त्याला पूर्ण हात द्यायचा. त्यानं त्याचं भलं होतं. अर्धा हात दिलास तर तो खोट्या समजुतीत लढायला जाईल, मग दोष कुणाचा?

इकडे अजून ढोलबंदी आहे. सण होईपर्यंत गल्ली मुकी. मासळी महाग झालीय, बोटी रिकाम्या येतात. ताईचं केंके खपतं पण मक्याचा भाव वाढला, म्हणून गोळे लहान केले तर बायका भांडतात. तू वेळेवर जेवतोस ना? थंडीत छाती उघडी टाकून फिरू नकोस.

काका
(लिहिणार लामिले)

शेफिल्ड, २८ जून

काका,

ह्या वेळी पत्रात शिवी एकही निघाली नाही. म्हातारे झालात की काय? आणि माझ्या छातीची काळजी तुम्हाला कधीपासून लागली? ताईनं घुसडलं असणार.

कीथबद्दल सांगतो, म्हणजे तुम्हाला माणूस कळेल. सहा फूट चार इंच. बाप कोळशाच्या खाणीत होता. ताईनं बाटलीतून दिलेली काळी मिरचीची चटणी त्यानं पहिल्या दिवशी चमचाभर खाल्ली आणि नळाखाली तोंड धरून बसला. आता रोज मागतो, अंड्याबरोबर. मला स्वतःचा जुना कोट दिलाय, त्यात माझ्यासारखे दीड मावतील. रविवारी घरी जेवायला नेतो. त्याची बायको मॉरीन बटाटे चार प्रकारे करते, पण चव एकच. तिला मी तसं सांगितलं तर ती हसली, आणि पुढच्या रविवारी पाचवा प्रकार केला.

आता कामाचं. सत्तावीस तारखेला लढत, म्हणजे सतरा तारखेपासून शेवटचे दहा दिवस लागतात. तुम्ही तर त्या दहा दिवसांत आमचे सगळ्यांचे ग्लोव्ह्ज खुंटीला टांगायचात आणि खोलीची किल्ली कमरेला लावून फिरायचात. इथे हॉब्सन बावीस तारखेपर्यंत सराव ठेवणार आहे, म्हणतो हलका हलका. मग तुमचं पूर्ण हात देणं आणि तुमची ती खुंटी, ह्यातलं कुठलं धरू? नीट सांगा. तुम्ही सांगाल तसं करीन, मग पुन्हा पावाचे हात म्हणायचं नाही.

लांक्वे

अक्रा, ८ जुलै

लांक्वे,

खुंटीचं विचारलंस. ते पोरांसाठी होतं. पोरं उतावळी असतात, हातपाय मोडून घेतात. तू आता पोर नाहीस आणि तुझा कीथही नाही. एवढा मोठा माणूस पट्ट्यासाठी उभा राहणार, त्याला अर्ध्या हातानं तयार करून पाठवशील?

एकदा तरी पूर्ण हात दे. त्याला कळू दे रोज कुणाबरोबर उभा राहतो. त्या मॅनेजरला कळू दे. नाहीतर लढत होईल, ते सगळे घरी जातील, आणि तू कोट घालून रस्त्यावर उभा राहशील. काकाचं नाव राख.

पैसे मिळाले. छपराचे दोन पत्रे बदलले.

काका
(लिहिणार लामिले)

शेफिल्ड, २१ जुलै

काका,

शुक्रवारी दिला.

तिसरी फेरी होती. दमला की कीथ उजवा हात खाली आणतो, तीन महिने बघतोय. रोज मी तिथे नुसता हात लावून सोडायचो, म्हणजे त्याला आठवण राहावी. शुक्रवारी सोडला नाही. डावा हूक, कमरेतून, तुम्ही शिकवलात तसा. उजव्या कानाच्या वर. एवढा माणूस काही आवाज न करता खाली बसला, मागून कुणी खुर्ची काढून घ्यावी तसा.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? एवढासाच, पण झाला. हे अंगणात झालं असतं तर तुम्ही काय केलं असतंत ते डोळ्यांपुढे आलं.

मग तो उठला, हसला, माझ्या डोक्यावर ग्लोव्ह ठेवून म्हणाला, “इतके दिवस हा कुठे ठेवला होतास?” हॉब्सननं सराव तिथेच थांबवला. बाकी सगळं ठीक आहे.

शनिवारी मी त्याच्या कोपऱ्यात बादली घेऊन असणार. रेडिओ लावा.

लांक्वे

अक्रा, १ ऑगस्ट

लांक्वे,

तुझं शुक्रवारचं सगळं अंगणात मोठ्यानं सांगितलं. ऐकायला भिंतीवरही पोरं चढली होती. ढोल वाजवता येत नाहीत म्हणून लोकांनी मांड्या बडवल्या. जो तो येऊन सांगतोय, वस्तादांच्या लांक्वेनं पट्ट्याच्या दावेदाराला पाडलं. केंके घ्यायला येणाऱ्या बायकासुद्धा आता भावावरून भांडत नाहीत.

रेडिओवर ऐकलं, तो चौथ्या फेरीत हरला. वाईट झालं. पण त्याला आधी पाडणारा कोण हे आता सगळ्यांना कळेल. आता तुझी पाळी. हॉब्सनला सोडू नकोस.

काका
(लिहिणार लामिले)

शेफिल्ड, ९ ऑगस्ट

काका,

तुमचं पत्र आज सकाळी आलं. मांड्या बडवल्या तिथपर्यंत वाचलं, मग घडी घातली.

कीथ सोमवारी गेला. लढतीच्या रात्री पडला तो उठलाच नाही. नऊ दिवस नळ्या लावून ठेवला होता.

अमेरिकनाचा ठोसा काही मोठा नव्हता. मी चार हातांवर उभा होतो. तो ठोसा बसला तेव्हा माझ्या मनात पहिलं हेच आलं की मी ह्याहून जोरात मारलाय ह्याला. मग हातातली बादली सांडली.

मागच्या पत्रात सगळं ठीक आहे लिहिलं ते खरं नव्हतं. त्या शुक्रवारी तो कपडे बदलायच्या खोलीत ओकला. मी त्याचं डोकं धरलं होतं. आज वार कुठला, असं त्यानं मला दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा पहिल्यांदा विचारलेलं त्याला आठवत नव्हतं. मी हॉब्सनला म्हणालो डॉक्टरला बोलवा. तो म्हणाला, डॉक्टरनं बघितलं तर लढत जाते, आणि लढत गेली तर कीथच तुला आधी शिव्या देईल. कीथही मान हलवत होता. मग हॉब्सननं मला एका पाकिटात दोनशे पौंड दिले. मी घेतले. अजून तसेच आहेत, गादीखाली.

दवाखान्यात पहिल्या रात्री डॉक्टरनं मॉरीनला विचारलं, ह्या लढतीच्या आधी डोक्याला काही लागलं होतं का? ती नाही म्हणाली. मी तिच्या शेजारी उभा होतो, काका. तिनं माझा हात धरला होता. हॉब्सन समोर होता. मी गप्प बसलो.

आता इकडचं ऐका. अमेरिकनाचा हात मोडलाय, तो वर्षभर लढत नाही. क्रमवारीत कीथच्या जागेवर खालचा एक वर सरकला, त्याच्या जागेवर त्याच्या खालचा. दर आठवड्याला पेपरात यादी येते, ह्या आठवड्यात सगळे एकेक पायरी वर आहेत. त्यातल्या एकाला नोव्हेंबरमध्ये समोर उभं करायला माणूस हवाय. ज्यानं मला गप्प राहायला पैसे दिले तोच हॉब्सन आता फोनवर सगळ्यांना सांगतो, माझ्याकडे एक काळा पोरगा आहे, त्यानं कीथला सरावात झोपवला होता. तीन हजार पौंड देणार. पोस्टरवर नाव मोठ्या अक्षरात.

मला दोन गोष्टी सांगा. तुम्ही चाळीस वर्षं माणसांची डोकी बघितलीत. आठवड्यापूर्वीचा ठोसा माणसाला असा मारू शकतो का? आणि मी नोव्हेंबरमध्ये उतरू का? ताई, ह्या वेळी काका बोलतात ते जसंच्या तसं लिही, एक शब्द गाळू नकोस, शिव्यासुद्धा.

लांक्वे

अक्रा, २४ ऑगस्ट

लांक्वे,

हे पत्र माझं आहे. लामिलेचं.

काका नाहीत. मे महिन्यात ढोलबंदी लागली त्याच आठवड्यात गेले. सकाळी अंगण झाडायला कुणी आलं नाही म्हणून कुणाला तरी ओरडले, आणि ओरडता ओरडता दाराला धरून बसले. पावाचे हात लिहिलेलं ते त्यांचं शेवटचं पत्र. पुढची तिन्ही मी लिहिली.

बंदीत मोठ्यानं रडता येत नाही, मयत काढता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. आम्ही त्यांना आवाज न करता शवागारात नेऊन ठेवलं. वडीलधारे बसले आणि ठरलं, सण झाल्याशिवाय पुरायचं नाहीच, तर पोराला आत्ता कळवून काय करायचं? हातातलं काम टाकून येईल. लढत होऊ दे. तोवर लामिले लिहील, काकांची पत्रं तीच तर लिहिते.

मला ते अवघड वाटलं नाही. त्यांचं बोलणं मला पाठ होतं. भिंतीच्या अलीकडे केंके उकडत वीस वर्षं तेच ऐकलं. मार. राखू नकोस. मान ठेव त्याचा. मी तेच लिहिलं. मग तू खुंटीचं विचारलंस. लांक्वे, ते कशासाठी असतं मला ठाऊक नव्हतं. अंगणाच्या दारातून बायकांना आत जाऊ देत नाहीत. लढतीच्या आधी आतून आवाज यायचा नाही तेव्हा मला वाटायचं पोरं समुद्रावर धावायला गेली असतील. कुणाला विचारावं तर मी तुला अजून काकांच्या नावानं लिहिते हे गल्लीभर झालं असतं, आणि कुणीतरी तुला कळवलं असतं. म्हणून जे सुचलं ते लिहिलं. पोरांसाठी होतं, असं लिहिलं.

तुझं शेवटचं पत्र आलं तेव्हा मी काकांच्या जुन्या साथीदाराला, त्या एका डोळ्याच्या टेकोला, जाऊन विचारलं. तो म्हणाला, “वस्ताद इतर दिवशी पोरांना मरेस्तोवर मारायला लावायचे ते ह्या दहा दिवसांच्या भरवशावर. त्यांच्या तरुणपणी एक मुलगा ह्याच दहा दिवसांत त्यांच्या हातून गेला होता. तेव्हापासून किल्ली कमरेला.” एवढं सांगून तो मला म्हणाला, “का गं, तुला आज काय पडलंय त्याचं?” मी तशीच निघून आले.

तर तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर काकांना माहीत होतं. मला वाटतं ते काय होतं हे तुलाही कळलं असेल.

दुसऱ्याचं ऐक. वडीलधाऱ्यांनी तुझं पत्र वाचून घेतलं. तीन हजार ऐकल्यावर म्हणाले, अजून एकच पत्र काकांच्या नावानं लिही, नोव्हेंबरमध्ये उतर म्हणून. मग मयतीला त्याला बोलावून सगळं सांगू. वस्तादांची मयत वस्तादांसारखी व्हायला हवी, दोन बँड, तीन बैल. मी दोन दिवस पेन घेऊन बसले. ‘लांक्वे’ लिहिलं, त्यापुढे काकांच्या आवाजात एक ओळही कानात आली नाही. तिन्ही वेळा आली होती.

मयत सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी आहे. तू उतर की नको, मी सांगणार नाही. मी तुला पुन्हा काहीच सांगणार नाही. मारलंस तू, पण सांगितलं मी. हे मी इकडे कुणाजवळ बोलू शकत नाही. तुझ्याजवळ बोलले.

तुझी ताई

ग्रिम्सबी, १७ सप्टेंबर

ताई,

पत्ता बदललाय, पाकिटावरचा बघून घे. इथे बंदर आहे.

पत्र वाचलं. काकांसाठी रडायला बसलो तर कीथ येत होता, कीथसाठी बसलो तर काका. मग दुसऱ्या दिवशी मॉरीनकडे गेलो.

ती बागेतल्या दोरीवर त्याचे शर्ट वाळत घालत होती. घालणारा कोण आता, पण धुतले होते. मी सगळं सांगितलं, शुक्रवारचं, ओकल्याचं, वार विचारल्याचं, पाकिटाचं, दवाखान्यात तिच्या शेजारी गप्प उभा राहिल्याचं. तुझं नाव घेतलं नाही. माझ्या घरून तसं लिहून आलं एवढंच म्हणालो. ती सगळं ऐकून घेत होती, चिमटे लावत होती. संपल्यावर तिनं एकच विचारलं, “कुठल्या बाजूला?”

मी माझ्या उजव्या कानाच्या वर बोट ठेवलं.

ती म्हणाली, “शेवटच्या आठवड्यात तो त्या कुशीवर झोपत नव्हता. उन्हानं डोकं दुखतंय म्हणायचा.” मग रिकामी टोपली उचलून आत गेली. दार लावून घेतलं, आपटलं नाही. मी थोडा वेळ थांबलो. दार उघडलं नाही. तिनं डॉक्टरला कळवलं असेल, पोलिसालाही कळवील. विचारायला आले तर मी आहे तसं सांगणार आहे.

पाकीट हॉब्सनच्या टेबलावर ठेवलं. तो म्हणाला, “ह्यानं तो परत येणार आहे का?” मी म्हणालो नाही. तो म्हणाला, “मग नोव्हेंबर तरी घे, वेड्या, असा नंबर लागायला लोकांचं आयुष्य जातं.” मी म्हणालो, “गेलंच की.” त्यानं फोन उचलला. माझ्या जागी दुसरा कुणी मिळाला असेल. मिळतोच.

इथे पहाटे बोटी येतात. मी बर्फातल्या पेट्या उतरवतो. मुकादम म्हणाला, “एवढा धिप्पाड आहेस, बॉक्सिंग का करत नाहीस?” मी म्हणालो, हात पावाचे आहेत. त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

तुझ्यावर राग आहे का, हे तू विचारलं नाहीस. विचारू नकोस. काही दिवशी असतो. काही दिवशी मला आठवतं की खुंटीबद्दल माझं मला ठाऊक होतं, दहा वर्षं त्या खुंटीखाली ग्लोव्ह्ज काढले होते, आणि तरी मी पत्र टाकून विचारलं. मला मारायचंच होतं, ताई. मला फक्त कुणीतरी सांगायला हवं होतं.

मी मयतीला येत नाही. कागद नीट नाहीत, इथून गेलो तर परत येऊ देणार नाहीत, आणि पोलीस आले तर मी इथे असायला हवं. अंगणात कुणी कीथला पाडल्याचं बोलायला लागलं तर त्यांना गप्प कर. टेकोला सांग, तो करील.

तू लिही. कुणाच्या नावानं नको, तुझ्या. मक्याचा भाव लिहिलास तरी चालेल.

वडीलधारे तीन हजारांची वाट बघत असतील. त्यांना सांग, एक बँड पुरे, बैल नकोत, काकांना गर्दी आवडायची पण खर्च आवडत नव्हता. खोलीचं भाडं आणि बंदरावर घालायचे रबरी बूट जाऊन दोन आठवड्यांचं जे उरलं ते ह्या पाकिटात आहे, एकेचाळीस पौंड.